वसंत सत्रातली जागा

पत्र आलं तेव्हा शाल्मली भाकरी थापत होती. पिठाच्या बोटानं तिनं फोन उघडला, उभ्या उभ्या दोनदा वाचलं, आणि तव्यावरच्या भाकरीचा पार कोळसा झाला तरी तिला पत्ता नाही.

सातवीपासून ती या पत्राची वाट बघत होती. नॉर्वेच्या पार उत्तरेला नूर्डहाइम नावाचं विद्यापीठ. तिथं बर्फ वाचायला शिकवतात. हिमनदीत खोलवर नळी घालून बर्फाचा लांबच लांब गाभा काढायचा, त्यात कोंडलेले हवेचे बुडबुडे तपासायचे आणि लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवर हवा कशी होती ते सांगायचं. शाळेत दाखवलेल्या एका माहितीपटात तिनं असा बर्फाचा तुकडा पाण्यात टाकल्यावर बुडबुडे फुटताना ऐकले होते. त्या दिवसापासून पोरगी कामातून गेली. पन्हाळ्याच्या पायथ्याचं गाव, घरचं गुऱ्हाळ, अंगणात चिपाडांचा ढीग, आणि हिला वेड कशाचं, तर बर्फाचं!

पत्रात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. ऑगस्टच्या तुकडीच्या चाळीस जागा भरल्या होत्या. प्रतीक्षा यादीतल्या आठ जणांना वसंत सत्रात, म्हणजे जानेवारीत, घ्यायला विद्यापीठ तयार होतं. त्यासाठी सप्टेंबरपासून रोज दोन तास घरी एक पट्टी डोक्याला बांधायची होती, आणि येणार की नाही ते पंधरा डिसेंबरपर्यंत पक्कं कळवायचं होतं.

"जानेवारीत कसला आलाय वसंत?" सुनंदा म्हणाली.

सुनंदा म्हणजे शाल्मलीची आई. नवरा गेल्याला नऊ वर्षं झाली. तो गुळव्या होता, म्हणजे उकळता रस कधी गूळ व्हायला आला हे ओळखणारा माणूस. तो गेल्यावर पुढच्या हंगामात सुनंदानं पदर खोचला आणि स्वतः काहिलीपाशी, रस उकळायच्या मोठ्या कढईपाशी, उभी राहिली. पहिल्या वर्षी गावानं नावं ठेवली. दुसऱ्या वर्षी तिचा गूळ खाल्ला आणि गप्प बसलं.

"तिकडं तर जानेवारीत सूर्य सुदिक उगवत न्हाई," शाल्मली म्हणाली. "नावच वसंत सत्र. मी काय करू?"

"आणि ही पट्टी कसली?"

शाल्मलीनं तिला जमेल तसं समजावलं. दोन माणसं एकत्र काम करतात, गप्पा मारतात, एकमेकांकडं नीट लक्ष देतात, तेव्हा त्यांच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी एका ठेक्यात येऊ लागतात. ही गोष्ट शास्त्रज्ञांना फार वर्षांपासून ठाऊक होती. नूर्डहाइमच्या लोकांनी पुढची पायरी गाठली होती. कानामागं टेकणारी एक पट्टी, ती तुमच्या लहरी मोजते आणि अगदी क्षीण विजेनं त्यांना हलकेच रेटून दुसऱ्यांच्या लहरींशी जुळवते. याला त्यांनी सहस्पंदन असं नाव दिलं होतं. चाळीस जण आठ आठवडे एका सभागृहात असे जुळले, की एकाला पडलेला प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून यायचा, अर्ध्या वाक्यावर सगळ्यांना कळायचं, दोन वर्षांचा अभ्यास आठ महिन्यांत व्हायचा. विचार वाचणं वगैरे काही नव्हतं त्यात. नुसती लय एक व्हायची. पण लय एक झाली की किती गोष्टी बोलाव्याच लागत नाहीत, हे या मायलेकींना कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

ऑगस्टवाले सभागृहात बसून जुळणार होते. वसंतवाल्या आठांनी त्यांच्या लहरींची साठवलेली नोंद घरी बसून पट्टीतून मेंदूत घ्यायची होती, म्हणजे जानेवारीत गेल्यावर ते उपरे वाटणार नाहीत. जुळणी शंभरात किती झाली याचा आकडा फोनवर दिसणार होता. साठ झाले की पुरे.

"आणि हे अकरावं कलम?" सुनंदानं बोट ठेवलं. ती सगळं वाचायची, औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूरसुद्धा. तिथं लिहिलं होतं, निकटच्या व्यक्तींबरोबरच्या सहज जुळणीत काही बदल संभवतो.

"काय न्हाई गं. लिहायचं म्हणून लिहित्यात," शाल्मली म्हणाली.

तिला अर्थ चांगला कळला होता. मेंदूला एका वेळी फार ठेके घट्ट धरता येत नाहीत. नवा पक्का बसला की जुना सैल पडतो. हे तिनं विद्यापीठाच्या माहितीपत्रात वाचलं होतं आणि आईला सांगायचं नाही असं तिथल्या तिथं ठरवलं होतं.

ऑगस्टमध्ये मैत्रिणी पांगल्या. कोणी पुण्याला, कोणी बंगळुरूला, एक तर थेट मेलबर्नला. शाल्मली एकटीच मागं राहिली. दुकानात गेलं की विचारणा व्हायची, "अजून हितंच व्हय?" जानेवारीत जाणार म्हटलं की समोरचा अशी काही मान हलवायचा, जणू लग्न मोडल्याची बातमी ऐकतोय. कोल्हापुरातल्या कॉलेजात भूगर्भशास्त्राला तिनं नाव घालून ठेवलं होतं, पण जायला मन घेईना. ती इथली राहिली नव्हती आणि तिथली झाली नव्हती. एवढं रिकामपण तिनं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

सप्टेंबरात पट्टी आली. पहिल्या आठवड्यात आकडा नऊ. मग सतरा. मग एके दिवशी मेथी निवडताना तिला एकदम हसू आलं. कशाचं ते कळेना. मागून समजलं की सकाळी घेतलेली नोंद होत असताना तिकडं कुणीतरी फळ्याशी धडपडलं होतं आणि चाळीसच्या चाळीस जण हसले होते. ते हसू उशिरानं पन्हाळ्याच्या पायथ्याला पोचलं होतं.

"का हसलीस?" आईनं विचारलं.

"कुठं काय?"

ऑक्टोबरअखेर आकडा चव्वेचाळीस झाला. पट्टी बांधलेले दोन तास तिला बरं वाटायचं. न पाहिलेल्या माणसांची गर्दी भोवती असल्यासारखी ऊब यायची. पट्टी काढली की घर मोठं मोठं वाटायचं आणि आई लांब. दोघी जेवायला बसत. पूर्वी आईचा हात नुसता हलला तरी शाल्मली मीठ पुढं सरकवायची. आता आई म्हणायची, "मीठ दे गं," आणि म्हणताना स्वतःच दचकायची.

दिवाळीनंतर गुऱ्हाळ सुरू झालं.

गुऱ्हाळात सगळं एका क्षणावर असतं. रस तीन तास उकळतो, मळी काढून टाकायची, भेंडीचं पाणी घालायचं, जाळ सांभाळायचा. शेवटी पाक घट्ट होऊ लागला की गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून बोटांत गोळी वळून बघतो. गोळी बसली की काहील तिथल्या तिथं चुलवाणावरून उचलून वाफ्यात, म्हणजे शेजारच्या उथळ हौदात, ओतायची. दहा मोजेपर्यंत उशीर झाला तर गूळ करपतो. आजूबाजूच्या गुऱ्हाळांत काहील उचलायला मोटरी आल्या होत्या. सुनंदाकडं काहिलीच्या दोन बाजूंना वरच्या कप्प्यांवरून आलेल्या दोन साखळ्या होत्या, एकीवर ती, दुसरीवर शाल्मली. बाराव्या वर्षापासून पोरगी ती साखळी ओढत होती. ओढ म्हणून कुणी कुणाला सांगायचं नाही, अशीच रीत पडून गेली होती. सुनंदा गोळी वळून हात झटकायची आणि दोघींच्या साखळ्या एकदमच ताणल्या जायच्या. जाळ घालायला असणारे ईश्वरातात्या म्हणायचे, "ह्या दोघींच्यात वायर हाय कुठंतरी."

या वर्षी पहिल्याच काहिलीला शाल्मलीची बाजू मागं पडली. थोडीशीच. रसाची लाट तिच्या काठाकडं आली आणि परत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ईश्वरातात्यांनी दोघींच्या तोंडाकडं बघितलं आणि चुलवाणात चिपाडं सारली.

चौथ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, सुनंदानं गोळी वळली, हात झटकला, आणि शाल्मलीची साखळी खसकन वर गेली. सुनंदाची मात्र जागच्या जागी. काहील कलली. उकळता पाक सुनंदाच्या बाजूनं काठावरून आला आणि तिच्या डाव्या पावलावर पडला.

ती ओरडलीसुद्धा नाही. साखळी धरून उभीच राहिली, कारण सोडली असती तर सगळी काहील उलटली असती. ईश्वरातात्या धावले, त्यांनी तिची साखळी धरली, आणि शाल्मली आपली बाजू खाली टेकवून बादल्यांमागून बादल्या आईच्या पायावर ओतत राहिली. पाणी ओतता ओतता ती काय बोलत होती हे तिला नंतर कधीच आठवलं नाही.

दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी सुनंदा खाटेवर पाय उंच ठेवून पडली होती. डॉक्टर म्हणाले होते, तीन आठवडे. शाल्मली खाली बसून भिंतीकडं बघत होती.

"साखळी अडकली असंल," सुनंदा म्हणाली.

"न्हाई अडकली. मी आधी वढली."

"आधी?"

"मला कळत हुतं मी मागं पडतोय ते. तीन दिवस बघत हुतो." कोल्हापूरकडच्या बायका मी आलो, मी गेलो असंच बोलतात, तशीच तीही. "ती पट्टीच तशी हाय. अकराव्या कलमात लिवलेलं तेच हुतं. मी तुला खोटं सांगितलं. म्हटलं अंदाजानं जरा आधी वढावी, म्हंजे तुझ्याबरोबर येईल."

सुनंदानं आपल्या बांधलेल्या पायाकडं बघितलं. मग म्हणाली, "आणि मी थांबलो."

"म्हंजे?"

"मला बी कळत हुतं की तू मागं पडत्यास. त्या दिवशी ठरवलं, पोरगी येईस्तोवर जरा दम धरायचा. तुझ्यासाठी थांबलो गं मी."

शाल्मलीला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा तिला हसावं की रडावं समजेना. एक पुढं सरकली, दुसरी मागं सरकली, दोघीही एकमेकींच्या मायेपोटी, आणि मध्ये उकळता पाक. सुनंदाला मात्र हसू आलं. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही.

त्या संध्याकाळी शाल्मलीनं पट्टी कपाटात ठेवून दिली. आकडा तेव्हा सदुसष्ट होता. मग तिनं विद्यापीठाला फोन लावला. वसंतवाल्यांचं बघणारी मारित नावाची एक बाई होती. पन्नाशीची, चेहऱ्यानं दमलेली. अनुवादयंत्रातून तिचं बोलणं पाठ्यपुस्तकातल्या मराठीत ऐकू यायचं.

"पट्टी बंद केली तर आईबरोबरची जुळणी परत येते का?" शाल्मलीनं विचारलं.

"आपल्या मेंदूच्या बाजूने ती काही आठवड्यांत पूर्ववत होऊ शकते," मारित म्हणाली. "परंतु ती जुळणी केवळ आपल्या मेंदूत नव्हती. तिचा अर्धा भाग आपल्या मातोश्रींच्या मेंदूत होता. आपण बदलत होता आणि त्या आपल्याशी जुळवून घेत होत्या. त्यांच्या बाजूचे मोजमाप आम्ही कधी घेतलेले नाही."

"का नाही घेतलं?"

"कोणी विचारले नव्हते," ती म्हणाली. तिचा चेहरा खरोखर पडला होता, आणि ते समजायला अनुवादयंत्र लागत नव्हतं.

तीन आठवडे शाल्मलीनं पट्टीला हात लावला नाही. आईचं ड्रेसिंग केलं, स्वयंपाक केला, म्हशींच्या धारा काढल्या. मेंदूतला चाळीस जणांचा गलका हळूहळू विरत गेला आणि त्या जागी काहीच आलं नाही. त्या दिवसांत ती जितकी एकटी होती तितकी कधीच नव्हती. आई हाताच्या अंतरावर होती, तरी ती एकटीच होती.

अकरा डिसेंबरला सुनंदा पहिल्यांदा काहिलीपाशी उभी राहिली. शाल्मलीनं आपली साखळी धरली. पाक जमत आला. सुनंदानं गोळी वळली, हात झटकला, आणि लेकीकडं बघितलं. लेक आईकडं बघत होती. तू वढ, मग मी वढतो, असं दोघींच्याही मनात. दोघी बघतच राहिल्या.

"अगं वढा की!" ईश्वरातात्या ओरडले.

दोघींनी ओढली. काहील अगदी सरळ वर गेली, थेंबभरसुद्धा सांडला नाही. पण पाक पुढं गेला होता. वाफ्यात पडलेला गूळ काळपट निघाला. सुनंदाच्या हातून नऊ वर्षांत तसला गूळ निघाला नव्हता. तिनं त्याचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला, चघळला आणि घरात निघून गेली.

चौदा तारखेला दुपारी शाल्मली तिच्यापाशी येऊन बसली. "आई, उद्या कळवायचंय. जाऊ काय मी?"

"मला कशाला इचारत्यास?"

"तुला काय वाटतं ते सांग. खरं खरं."

सुनंदा तांदूळ निवडत होती. तिनं ताट बाजूला ठेवलं.

"खरं सांगू? जाऊ नको. मला एकटीला हितं भ्या वाटतंय. तुझा बा गेला तवा तू हुतीस. तू गेल्यावर कोण हाय? आता इचारलंस म्हणून सांगितलं. पण तू थांबलीस तरी मागचं परत येईल असं मला वाटत न्हाई. आपण दोघी आता एकमेकींची वाट बघत बसणाऱ्या झालो."

आई असं सरळ बोलेल याची शाल्मलीला कल्पना नव्हती. आई जा म्हणाली असती तर तिचं ओझं अर्धं झालं असतं. तिला तेच हवं होतं, आईच्या तोंडून परवानगी हवी होती, म्हणजे उद्या काही वाईट झालं तर म्हणता आलं असतं की तूच पाठवलंस. आईनं ती सोय ठेवली नाही.

ती मागच्या दारी गेली आणि तासभर बसून राहिली. आईसाठी थांबावं, असं एक मन म्हणत होतं. पण थांबून काय करणार होती ती? रोज काहिलीपाशी आईच्या चेहऱ्याकडं बघणार, आणि आई तिच्या. आणि वीस वर्षांनी कधीतरी त्या बर्फाचं नाव निघालं की आईला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं गप्प बसणार. शिवाय एक गोष्ट तिनं त्या दुपारी स्वतःशी कबूल केली. पट्टी नसती, आकडे नसते, काहील कलली नसती, तरीही तिला जायचंच होतं. आई दुखावली जाणार हे कळूनही जायचं होतं. याला दुसरं कोणतंही चांगलं नाव नव्हतं.

तिनं आत येऊन फोन घेतला, आईच्या समोर बसून होकार पाठवला, आणि म्हणाली, "मी जातो, आई."

"बरं," सुनंदा म्हणाली आणि तिनं तांदळाचं ताट पुन्हा मांडीवर घेतलं. शाल्मलीनं अर्धे तांदूळ आपल्याकडं ओढले, आणि दोघींनी मिळून निवडले.

होकारानंतर तिनं पट्टी पुन्हा बांधायला घेतली होती आणि निघेपर्यंत आकडा परत साठाच्या वर गेला होता. नूर्डहाइमला ती पोचली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि बाहेर मिट्ट काळोख होता. सभागृहात चाळीस जण बसले होते. सोबतच्या सात वसंतवाल्यांबरोबर ती आत शिरली. कुणीतरी प्राध्यापकांना एक प्रश्न विचारायला तोंड उघडलं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला शाल्मली आपसूक पुढं झुकली. तिच्याबरोबर सगळी रांग पुढं झुकली. शेजारच्या मुलीनं न विचारता आपली वही तिच्याकडं सरकवली. सहा महिन्यांत पहिल्यांदा ती कुठेतरी आत होती. चौथ्या दिवशी तिच्या हातात खराखुरा बर्फाचा गाभा दिला, अकरा हजार वर्षांपूर्वीचा, आणि त्या क्षणी चाळीस जण गप्प झाले, कारण ती गप्प झाली होती.

रविवारी तिनं घरी फोन लावला. तिकडं दुपारचे साडेचार वाजले होते. पडद्यावर आई दिसली. मागं चुलवाणाचा धूर.

"आई, पाय..."

"जेवलीस का..."

दोघी एकदम बोलल्या आणि एकदम थांबल्या.

"तू बोल."

"न्हाई, तू बोल की."

शाल्मलीनं आईच्या चेहऱ्याकडं बघितलं. आई खुशीत होती की रागावली होती, की तिला रडू येत होतं, काही म्हणजे काही कळेना. परक्या बाईचा चेहरा बघावा तसं ती बघत होती. आईही तशीच बघत होती.

"पाय बरा हाय," शेवटी सुनंदा म्हणाली. "साखळीला आता तात्या असतो. आम्ही एक, दोन, तीन म्हणतो आणि वढतो. गूळ बरा येतोय."

"बरं."

"तुझं?"

"चाललंय."

"चाललंय म्हंजे?"

शाल्मली काही बोलली नाही. पूर्वी एवढं पुरायचं.

"हे बघ," सुनंदा फोनजवळ सरकली. "मला हितनं तुझं काय बी कळत न्हाई आता. तू गप बसलीस की मी पडद्याकडं नुसतं बघत बसतो. तवा तोंडानं सांगत जा. खाल्लं काय, झोप आली काय, रडलीस काय, समदं सांगत जा."

"आणि सांगून कळलं न्हाई तर?"

"तर परत इचारीन. माझ्याकडं लई वेळ हाय."

दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये कुणीतरी हसलं आणि शाल्मलीचेही ओठ आपोआप हलू लागले. तिनं उठून दार लावलं आणि परत येऊन बसली. जे सांगायचं होतं ते तिनं अठरा वर्षांत कधी तोंडानं म्हटलं नव्हतं. तशी वेळच कधी आली नव्हती. शब्द कुठून जुळवायचे तेच तिला उमगेना.

"आई," ती म्हणाली, "मला तुझ्याबिगर करमंना झालंय."

"हां," सुनंदा म्हणाली. तिनं डोळे पुसले आणि मांडी घालून नीट बसली. "आता पुढचं सांग."